तुंब्यावरचं वर्तुळ

वर्तुळाची खोली सगळीकडे सारखी नव्हती. वरच्या बाजूला ती इंचाचा बारा सहस्रांश भरली, खालच्या बाजूला नऊ. व्यास सात इंच, कड स्वच्छ. कडेवर दोन ठिकाणी रोगणाला केसाएवढी चीर गेली होती आणि भिंगातून पाहिल्यावर चिरेच्या आतलं लाकूड फिकट दिसत होतं. पासष्ट वर्षं जेवणघराच्या भिंतीवर टांगलेल्या वस्तूच्या चिरांमध्ये काहीतरी असतंच. कोळशाचा धूर असतो, मेण असतं, पुसायच्या फडक्याचे तंतू असतात. या चिरांमध्ये काहीच नव्हतं. मी भिंग खाली ठेवलं, खिडकीजवळ जाऊन वही आणली आणि नऊ दिवसांपूर्वीचं माझ्याच हातचं पान पुन्हा वाचलं. 'गुरुवार, ११ ऑक्टोबर १९८४. दोन पात्यांचा विमानाचा पंखा, महोगनी, सात थर. तुंब्यावर ठोकलेला आराखड्याचा क्रमांक अस्सल, रोगण क्रमांकाच्या खाचांत उतरलेलं. तुंब्याच्या दोन्ही तोंडांवर चकतीची खूण नाही. आठही भोकांच्या कडा धारदार. एरंडेलाचा डाग नाही, वास नाही. इंजिनावर कधीही चढवलेला नाही.' शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली होती. मी सहसा रेघा मारत नाही.

पंखा दोन लाकडी घोड्यांवर आडवा होता आणि आमच्या या मागच्या खोलीत त्याच्याभोवती फिरायला दीड हात जागा उरली होती. त्याच्या मधल्या जाड भागाला, तुंब्याला, पुढून आणि मागून एकेक लोखंडी चकती लावतात आणि आठ बोल्टांनी इंजिनाच्या दांड्याला आवळतात. पहिल्याच आवळण्यात चकती लाकडात रुतते. ती खूण कुठल्याही कागदापेक्षा खरं बोलते, कारण ती कोणी लिहिलेली नसते. पहिल्या महायुद्धातली ती इंजिनं स्वतः गरगर फिरत आणि वंगणाचं एरंडेल फेकत. एकदा जरी पंखा वर गेला तरी तुंब्याचं मागचं तोंड तेल पिऊन काळं पडायचं आणि तो काळेपणा रंधा मारूनही जात नसे. या पंख्यावर आता वर्तुळ होतं आणि तेल नव्हतं. मी मंगळवारी बहिणीकडे नॉरिचला गेले होते, सकाळी आठला निघून संध्याकाळी साडेसातला परत. बोल्ट सावकाश आवळायला, चकत्या काही तास तशाच ठेवायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही. खालच्या बाजूला नऊ भरले कारण तिथला बोल्ट आवळताना माझ्या नवऱ्याचा, डेसमंडचा, उजवा खांदा दुखला असणार. मला त्याचा खांदासुद्धा मोजता येतो.

"केक कापलास का?" डेसमंडने दारातून विचारलं. त्याने हिरवा टाय बांधला होता, शनिवारचा. शनिवारी दुपारी लोक येतात. गेली वीस-पंचवीस वर्षं येत आहेत, मोटारीच्या टपाला पंखे बांधून, चादरीत गुंडाळून, आणि डेसमंड गॅरड त्यांना सांगतो की त्यांच्याकडे आहे ते काय आहे, कुठे घडलं, कुठल्या विमानावर होतं. बेडफर्डपासून ब्रुसेल्सपर्यंत त्याचं पत्र असलं की पुढे कोणी विचारत नाही.

"हे वर्तुळ कुठून आलं?"

"कुठलं?"

"डेसमंड."

"अगं, असेल आधीपासून. सुटलं असेल तुझ्या नजरेतून." तो जवळ आला नाही. "चष्म्याचा नंबर तपासून घे एकदा. चौपन्न म्हणजे काही कोवळं वय नाही."

"चिरा ताज्या आहेत."

"त्या पंखावाल्या म्हातारीला चिरा दिसणार आहेत का? तिला एक डोळा तरी नीट असेल तर शपथ. जा, केक काप. जाड काप, मागच्या वेळी त्या रेव्हरंडना पलीकडचं दिसत होतं तुझ्या फोडीतून."

तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावर एकसारखा वाजला. घाबरलेल्या माणसाची पावलं अशी पडत नाहीत. मला त्याच क्षणी कळलं, की माझी वही त्याने गुरुवारीच वाचली होती. त्याला वही वाचायला मी कधी बंदी केली नव्हती. पत्रं तो तिच्यावरूनच लिहितो. पण आज पहिल्यांदा मी माझं पान त्याच्या डोळ्यांनी वाचलं. खूण नाही. मग खूण हवी. एरंडेल नाही. ते त्याला जमलं नव्हतं, किंवा सुचलं नव्हतं, किंवा अजून दोन दिवस हवे होते. मी सव्वीस वर्षं ज्याला निरीक्षण समजत होते ती त्याच्या कामाची यादी होती. दोष मी शोधायचे, तो दुरुस्त करायचा.

एकोणीसशे सत्तावन्नमध्ये तो लाकडाच्या प्रयोगशाळेत आला होता, आगपेटीत एक ढलपी घेऊन. मी तिथे आठ वर्षं काम केलं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलींना तिथे काचपट्ट्या करायला बसवत. ढलपी पाण्यात उकळायची, वस्तऱ्याने कागदाहून पातळ चकती काढायची, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मी त्याला सांगितलं, "हे अक्रोड नाही. महोगनी आहे, आणि तीही हाँडुरासची." तो तेव्हा शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या मेलेल्या माणसाचा आवाज ऐकवला होता. "तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावरून?" तो म्हणाला. "अहो, मग तुमच्यापुढे कोणी लपायचं कुठे?" त्या वाक्यावर मी लग्न केलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. तेव्हा त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं. आम्ही सुट्ट्यांमध्ये पडक्या गोदामांतून हिंडलो, लढाईत पंखे घडवणाऱ्या फर्निचरच्या जुन्या कारखान्यांत म्हाताऱ्या कारागिरांना भेटलो, कुठला ठसा कुठल्या तपासनिसाचा ते एकेक करून जुळवलं. दुपारी भिंतीला टेकून अंड्याचे सँडविच खायचो. तो बोलायचा, मी मोजायचे. ती वाटणी तेव्हा आम्हाला दोघांनाही बरी वाटली होती.

त्याने 'दुरुस्त' केलेला पहिला पंखा एकोणीसशे एकाहत्तरमध्ये आला. अक्रोडाचा, तुंबा कोरा, क्रमांकच नाही. मी वहीत तसं लिहिलं. महिन्याभराने घ्यायला आलेल्या माणसासमोर डेसमंडने चादर काढली तेव्हा तुंब्यावर पाच आकडे होते. आकडे बरोबर वळणाचे होते, जुन्या ठशांनी ठोकलेले. पण लाकडावर आधी आकडे ठोकतात आणि मग रोगण चढवतात, म्हणून रोगण आकड्यांच्या खाचेत उतरतं. इथे ते चाराच्या कोपऱ्यावर फुटलं होतं. माणूस गेल्यावर मी विचारलं, "हे तू केलंस?" तो हात धूत होता. "लोकांना नाव हवं असतं, हेस्टर. लाकूड कोणाला हवंय? मी कोणाचं काय चोरलं?" मी म्हणाले, "रोगण फुटलंय." मला म्हणायचं होतं दुसरं काहीतरी, पण तोंडातून हे निघालं. जे मोजता येतं तेच माझ्या तोंडातून निघतं. त्यानंतरच्या पंख्यावर रोगण फुटलेलं नव्हतं. त्याने आकड्यांवरून लाखेचा पातळ हात फिरवला होता, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी त्याला शिकवते आहे.

त्या रात्री नाही, त्या आठवड्यातही नाही, पण त्या वर्षीच्या नाताळपर्यंत मी ठरवलं होतं की ज्यांच्या घरी असले पंखे गेले त्यांना कळवायचं. तेव्हा एक घर होतं. मग तीन झाली. मी दर वेळी ठरवायचे की पुढच्या पंख्याच्या वेळी, तो पंख्यांची जी नोंदवही छापतो तिचा पुढचा खंड निघायच्या आधी, त्याच्या आईचं दुखणं आटोपल्यावर, त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर. आता घरं एकतीस आहेत. मला सगळी पाठ आहेत, पंख्याच्या लांबीसकट. कधीकधी बटाटे सोलताना मी ती म्हणते, ओठ न हलवता. भीती वाटते असं नाही. भीती असती तर तिचं काही करता आलं असतं. मला वाटतं त्या एकतीस घरांमध्ये माझीच एक वस्तू टांगलेली आहे आणि ती काढून घ्यायला गेले तर लोक विचारतील, इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात? मी तिथेच होते. भोकांचे व्यास लिहून घेत होते.

मिस थोरोल्ड तीन वाजायला पाच मिनिटं असताना आल्या. पंखा आम्हीच दहा तारखेला त्यांच्याकडून व्हॅनमधून आणला होता. आज त्या निकाल ऐकायला आल्या होत्या, टॅक्सीने, काठी आणि हॅट. पंचाहत्तर वर्षांच्या, उंच, मान पुढे काढलेली. त्यांचा वैमानिक भाऊ लायनेल एकोणीसशे सतराच्या सप्टेंबरमध्ये फ्लँडर्सवर पडला. देह मिळाला नाही. चार वर्षांपूर्वी डेसमंडने नुसत्या फोटोंवरून त्यांना लिहून दिलं होतं की हा पंखा नक्की उडालेला आहे आणि बहुधा लायनेलच्याच विमानावरचा. ते पत्र त्याच्या नोंदवहीच्या दुसऱ्या खंडात छापलं गेलं. आता लायनेलच्या तुकडीच्या प्रार्थनाघरात पंखा लागणार होता, खाली पितळी पाटी, आणि पाटीच्या आधी तुकडीचा कोणी निवृत्त इंजिनिअर तो तपासणार होता. माझं गुरुवारचं पान खरं धरलं तर छापलेलं पत्र खोटं पडत होतं. म्हणून मंगळवारचं ते वर्तुळ.

"बसा, बसा मिस थोरोल्ड. हेस्टर, चहा. साखर किती?"

"साखर नको. गोड डॉक्टरने बंद केलंय. तुम्हीही गोड बोलू नका, एकदम सांगा."

डेसमंड हसला. त्याला अशी माणसं आवडतात. ती उशिरा बळी पडतात पण पूर्ण पडतात. "तुमची जीभ आईवर गेली वाटतं?"

"आई मला गप्प बस म्हणायची. ती जीभ कुणावर गेली असणार तुम्हीच सांगा." त्यांनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत. "चौसष्ट वर्षं तो पंखा पुसलाय मी, गॅरडसाहेब. दर शनिवारी, जवसाच्या तेलाचा बोळा. त्याच्याखाली कोणी बसायचं नाही. दार आपटायचं नाही. आम्ही मुली हसलो की आई नुसती वर बघायची, पंख्याकडे. बस, एवढंच. जेवण घशात अडकायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकतीस साली मला एक औषधवाला मागणी घालत होता. कॅनडाला जाणार होता. आई म्हणाली, जा की, पण लायनेलचं कोण बघणार? मी म्हटलं बरोबर आहे. बाई म्हणून बरोबर नव्हतं, पण त्या खोलीत उभं राहिल्यावर बरोबर वाटायचं."

"त्याग मोठा आहे तुमचा," डेसमंड म्हणाला.

"त्याग कसला डोंबलाचा. भित्री होते."

मी किटलीवरचं झाकण बसवत होते. ते बसलं नाही. ही बाई मला आवडली नाही, आणि मला ते स्वतःशी मान्य करावं लागलं. ती जे बोलत होती ते माझ्या अंगावर येत होतं आणि तिच्या खांद्यावर पांढरा कोंडा पडलेला होता. मी मनात वाक्यं लावून पाहिली. आराखड्याचा क्रमांक लायनेलच्याच प्रकारच्या विमानाचा होता. म्हणजे आईने चौकशी केली होती. एकोणीस साली लढाईचं उरलेलं सामान गोदामांतून विकायला काढलं तेव्हा न वापरलेले पंखे लोक घड्याळं करायला, चौकटी करायला घेत होते. तिने ढिगातून बरोबर तोच क्रमांक निवडला, घरी आणला, भिंतीवर चढवला आणि दहा वर्षांच्या मुलीला सांगितलं की हा तुझ्या भावाच्या विमानाचा. तिला माहीत होतं. चौसष्ट वर्षांच्या बोळ्यांच्या सुरुवातीला एक खोटं होतं आणि ते मुलीच्या जन्मदात्रीचं होतं. हे मी सांगायचं? डेसमंडचं वर्तुळ खोटं म्हणून सांगायचं म्हणजे हेही सांगणं आलं. आणि मी सत्यासाठी सांगणार होते का? आजपासून नव्हे, एकाहत्तरपासून माझ्या छातीत जे साचलं होतं त्याला सत्य म्हणणं म्हणजे एरंडेलाला अत्तर म्हणणं झालं असतं. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. त्या बाईच्या चेहऱ्याचं काय होईल ते बघायची मला तितकी घाई नव्हती. हे मी मोजलं आणि माप मला पसंत पडलं नाही.

"चला," डेसमंड म्हणाला. आम्ही मागच्या खोलीत गेलो. इथे तो नेहमी एक गोष्ट करतो. आलेल्या माणसाचा तळहात धरून तुंब्यावर ठेवतो, डोळे मिटायला सांगतो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. पुरुषसुद्धा रडतात. पहिल्यांदा त्याने ते एका विधवेसाठी केलं होतं, साठ-एकसष्टमध्ये, आणि तेव्हा त्याचेही डोळे भरले होते. पंखाही खरा होता. मग ते हाताला बसलं.

मिस थोरोल्ड यांनी हात ठेवला. डोळे मिटले नाहीत. "गार आहे," त्या म्हणाल्या. "लाकूड आहे, गारच असणार."

"बोटांनी चाचपा. इथे, हो. लागली कड? ही चकतीची खूण. इंजिनावर आवळल्याशिवाय ही उमटत नाही, हे पृथ्वीवरचा कुठलाही इंजिनिअर सांगेल. तुमचा भाऊ आणि तुमचं हे बोट यांच्यामध्ये आता फक्त एवढं लाकूड आहे."

त्यांचं बोट कडेवरून फिरलं, हळू, एक पूर्ण फेरा. मी त्यांची नखं पाहत होते, जाड, पिवळट, कापलेली. फेरा पूर्ण झाल्यावर बोट थांबलं. "हे मला कधी लागलं नाही," त्या म्हणाल्या.

"अं?"

"शनिवारी शनिवारी पुसलंय म्हटलं ना. बोळा हातात धरून. हे मला कधी लागलं नाही."

खोलीत रॉकेलच्या शेगडीचा वास होता. डेसमंडने क्षणभरसुद्धा वेळ घेतला नाही, हे मला नोंदवायला हवं. "जवसाचं तेल थरावर थर बसतं, मिस थोरोल्ड. कड भरून जाते. मी फक्त वरचं साफ केलं. तुमचीच चौसष्ट वर्षं होती ती त्या खाचेत."

ते इतकं सुंदर बोललं गेलं होतं की मीसुद्धा अर्धा श्वास त्यावर विश्वास ठेवला. मिस थोरोल्ड यांनी खालचा ओठ दाताने धरला. आता त्या पडत होत्या. हॅटखालची मान सरळ झाली; मानेला आधार मिळाल्यासारखी. मला वाटलं, असू दे. तिला ते मिळू दे. पितळी पाटी लागेल, इंजिनिअर भला माणूस असला तर हसून मान हलवेल, बाई पाच-सहा वर्षांत मरेल. घरं बत्तीस होतील. मग मी त्या मानेकडे पुन्हा पाहिलं. तिच्यावर त्या खोलीतली आईची ती जुनी नजर परत बसत होती. औषधवाल्याला नाही म्हणणं बरोबर होतं असं तिला आता कळत होतं. तिला सुख होत होतं आणि ते बघवत नव्हतं.

"पण माझ्यावर नका विश्वास ठेवू," डेसमंड म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखऱ्या बाजूचा, जड. "मी बोलणारा माणूस. आमच्या हिला विचारा. शास्त्राची बाई आहे. हिला खोटं बोलताच येत नाही, तेवढी कल्पनाच नाही बिचारीला." तो हसला. "सांग गं, हेस्टर. यांना तुझ्या तोंडून ऐकू दे."

त्याला खरोखरच भीती नव्हती. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, बोटांच्या पेरांत अजून बोल्टाचं काळं होतं. त्याला वाटत होतं की मी मापं सांगेन, आणि मी नेहमी मापंच सांगत आले होते. विचारणाऱ्याला त्यातून हवं ते ऐकू यायचं. मिस थोरोल्ड माझ्याकडे वळल्या. त्यांचा हात अजून लाकडावर होता.

"काय हो, मिसेस गॅरड," त्या म्हणाल्या, "तुम्ही मघापासून माझ्याकडे रागाने बघताय. का ते तरी सांगा."

"तुमच्यावर नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा खालच्या पट्टीत निघाला. डेसमंडचा हात खांद्यावरून उतरला नव्हता. मी एक पाऊल बाजूला झाले तेव्हा तो खाली पडला. "मिस थोरोल्ड, हा पंखा कधी इंजिनावर चढला नाही. कधी उडाला नाही. लढाई संपल्यावर गोदामातून विकले गेले त्यांतला हा एक आहे. तुमच्या बोटाखालचं वर्तुळ माझ्या नवऱ्याने गेल्या मंगळवारी उमटवलं, आणि आधी ते तिथे नव्हतं हे त्याला माझ्याच वहीने सांगितलं होतं."

"हेस्टर," डेसमंड म्हणाला.

"असे आणखी एकतीस आहेत," मी त्यांनाच म्हणाले, त्याच्याकडे न बघता. "कोणाच्या घरी कुठला आणि त्यात काय खोटं आहे ते मला ठाऊक आहे. सोमवारपासून मी एकेकाला पत्र लिहून कळवणार आहे."